सरळ चालायला एवढे गोल कशाला?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी बरेच जण आमच्या वाळूच्या मैदानाच्या कुंपणाशी दोन मिनिटं थांबतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "शर्यतीत पळवायचं नाही, अडथळ्यांवरून उड्या मारायच्या नाहीत, मग या घोड्याला नुसतं गोल गोल का फिरवताय?" २६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताच्या संघाने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली आणि आकृत्या नेमकेपणाने करून घेण्याच्या खेळाचं, सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीत १९८२ नंतर मिळालेलं ते पहिलं सुवर्ण, आणि त्या चौघांत आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हापासून कुंपणाशी थांबणारे वाढलेत. कुणी मुलीला घेऊन येतं, कुणी आजोबा रोज येऊन बघतात. सगळ्यांना उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

तो सरळ चालावा म्हणून आम्ही त्याला गोल फिरवतो.

हे सहसा कुणाला पटत नाही, कारण लांबून बघितलं तर घोडा सरळच चाललेला दिसतो. पण आपण जसे डावखुरे किंवा उजवे असतो तसाच घोडाही जन्मतः एका बाजूला वळलेला असतो. एका अंगाला तो सहज वाकतो, दुसऱ्या अंगाला ताठ राहतो. मोकळ्या माळावर त्याचं यामुळे काही बिघडत नाही. बिघडतं ते आपण पाठीवर बसल्यावर. घोड्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भार मुळातच पुढच्या दोन पायांवर असतो, आणि स्वार बसतो तोही पुढच्या पायांच्या जवळच. त्यात घोड्याला कॉलरबोन नसतं. त्याचे पुढचे पाय धडाशी हाडाने जोडलेले नाहीत, छाती दोन खांद्यांच्या मध्ये निव्वळ स्नायूंवर तोललेली असते. तो तोल एका बाजूला गेला की एक खांदा सतत जास्त ओझं घेतो. वर्षानुवर्षं असं चाललं तर त्या पायाचे सांधे आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) झिजतात. म्हणून घोडा सरळ करणं ही माझ्या लेखी दिखाव्याची गोष्ट नाही. पाठीवर बसायचं असेल तर त्याचं एवढं देणं आपण लागतोच.

आमच्याकडचे बरेचसे घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच्या जातीचे, आहेत. महालक्ष्मीला शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होतात, म्हणजे वळणं सगळी उजवीकडची. तरुणपणाची वर्षं ज्याने उजवी वळणं वेगात घेतली, त्याचं अंग कसं घडलं असेल याचा विचार करा. शिवाय बहुतेक घोड्यांना सईस डाव्या बाजूने धरून चालवतात, आणि आपण चढतोही डावीकडूनच. माणसाने आपल्या सोयीने लावलेल्या या सवयी मुळातल्या वाकडेपणात भर घालतात.

सध्या माझ्याकडे असाच एक तांबडा घोडा आहे. तो उजवीकडे सहज वाकतो. वाळू नुकती सारखी केलेली असली की मी त्याला दुडक्या चालीने मधल्या रेघेवरून सरळ नेते, मग उतरून ठसे बघते. मागच्या डाव्या खुराचा ठसा पुढच्या डाव्या ठशाच्या ओळीत असतो. मागच्या उजव्याचा मात्र चार बोटं उजवीकडे सरकलेला. म्हणजे उजवा मागचा पाय पोटाखाली येऊन ओझं उचलायचं टाळतो आणि बाजूला पडतो. त्याने दिलेला रेटा सरळ पुढे न जाता तिरपा डाव्या खांद्यावर येतो. वर बसलेल्याला हे हातात कळतं: डावा लगाम जड, उजवा पोकळ. डावीकडे वर्तुळ घेतलं तर घोडा आत कोसळतो, वर्तुळ आक्रसत जातं आणि तो बाहेर बघत राहतो. उजवीकडे घेतलं तर मान छान वळलेली दिसते, पण डावा खांदा बाहेर निसटतो आणि वर्तुळ फुगतं. शिकाऊ स्वार म्हणतो, "उजवीकडे तो मस्त चालतो, डावीकडेच त्रास देतो." खरं तर दोन्हीकडे एकच दुखणं आहे.

मग हात आपोआप जड लगाम ओढायला जातात. ते करू नका. तोंड ओढून मान वळते, खांदा तिथेच राहतो. मान हा घोड्याचा सर्वांत लवचिक भाग, ती वाकवण्यात काही कर्तृत्व नाही. आपल्याला हलवायचे आहेत खांदे, आणि ते हलतील मागचा पाय कामाला लागल्यावर.

आता ते गोल. २० मीटर व्यासाचं वर्तुळ दिसायला सर्वांत सोपं, आणि करायला गेलं की सर्वांत प्रामाणिक, कारण चूक लगेच दिसते. त्याला चार टेकू, म्हणजे वर्तुळावरच्या चार ठरलेल्या जागा, असतात. प्रत्येक टेकूला एक पाऊल स्पर्श करायचा आणि पुढच्याकडे निघायचं. कुठे वर्तुळ अंड्यासारखं झालं की तिथे कुठला तरी खांदा किंवा पुठ्ठा (मागच्या पायांवरचा भाग) निसटला असं समजावं. आतल्या पोटरीने घोड्याला सांगायचं की आतला मागचा पाय पोटाखाली घे, आणि बाहेरच्या लगामाने, न ओढता, खांद्याला कुंपण घालायचं. आतला लगाम फक्त दिशा सुचवण्यापुरता. तो मधूनमधून सैल सोडून बघावा. घोडा तरीही वर्तुळावर टिकला तर तो तुमच्या पायावर चाललाय, हातावर नाही.

हे जमलं की वर्तुळ हळूहळू १२ मीटरपर्यंत लहान करत आणायचं आणि मग आतल्या पोटरीने त्याला एकेक पाऊल बाजूला ढकलत पुन्हा २० मीटरवर न्यायचं. मला सर्वांत आवडणारा व्यायाम हाच. लहान करताना घाई होते, मोठं करताना खांदा आधी बाहेर पळतो. खांदा पळाला की थांबा, बाहेरचा लगाम आणि बाहेरची पोटरी घ्या, पुन्हा विचारा. तांबड्याला उजवीकडे हे सुरुवातीला अजिबात जमत नसे. एके दिवशी बाहेर ढकलताना डाव्या लगामाचं ते जडपण एकदम हलकं झालं, त्याने नाकातून लांब श्वास सोडला आणि पाठ वर आली. वर बसलेल्याला ती पाठ वर येणं स्पष्ट जाणवतं, खोगिराखाली कुणीतरी आधार दिल्यासारखं. त्या क्षणी मी व्यायाम थांबवला, लगाम लांब सोडला आणि मान थोपटली. घोड्याला बरोबर काय केलं हे कळायचं तर बरोबर झाल्या झाल्या सुटका मिळायला हवी.

कुंपणाबद्दलही सांगायला हवं, कारण बहुतेक जण त्याला धरूनच सराव करतात. घोड्याचे खांदे त्याच्या पुठ्ठ्यांपेक्षा अरुंद असतात. तो कुंपणालगत चालला की बाहेरचा खांदा आणि बाहेरचा पुठ्ठा दोन्ही कुंपणापासून सारख्याच अंतरावर ठेवतो, त्यामुळे आतला मागचा पाय आपोआप ओळीबाहेर, आतल्या बाजूला पडतो. तुम्हाला वाटतं घोडा कुंपणाला समांतर म्हणजे सरळ, आणि तो असतो तिरपा. म्हणून आठवड्यातले काही दिवस मैदानाच्या कडेपासून दोन मीटर आत चाला. कुंपणाचा आधार गेला की घोडा किती डोलतो ते पहिल्या फेरीतच समजेल. आमचं मोठं मैदान २० बाय ६० मीटरचं आहे, त्यात मधल्या रेघेवर एका टोकाच्या ए खुणेपासून समोरच्या सी खुणेपर्यंत सरळ जाऊन चौकोनी थांबणं, म्हणजे चारही पाय चार कोपऱ्यांत सारखे ठेवून उभं राहणं, ही परीक्षा वाटते त्याहून फार अवघड आहे.

यापुढची पायरी शोल्डर-इन. १८ व्या शतकातले फ्रेंच अश्वशिक्षक फ्रान्स्वा रोबिशाँ द ला गेरिनिएर यांनी ती सरळ रेषेवर कशी घ्यायची ते मांडून दाखवलं, आणि आजही तिच्याइतका कामाचा व्यायाम मला दुसरा माहीत नाही. कोपऱ्यात १० मीटरचं वर्तुळ घ्यायचं. ते पूर्ण होताना पुढचे पाय कुंपणाच्या कडेवरून आत आले की तसंच, वळण कायम ठेवून, कुंपणाच्या कडेने पुढे निघायचं. मागचे पाय कडेवरच राहतात, खांदे आत येतात, साधारण तीस अंशांचा कोन होतो. समोरून बघणाऱ्याला तीन ओळी दिसतात: एकीत बाहेरचा मागचा पाय, मधलीत बाहेरचा पुढचा आणि आतला मागचा एकामागे एक, तिसरीत आतला पुढचा. आतला मागचा पाय पोटाखाली घेतल्याशिवाय हे जमतच नाही, त्यामुळे टाळाटाळ करणाऱ्या पायाला टाळायला जागा उरत नाही. शिकाऊ स्वार इथेही आतल्या लगामाने मान ओढतो, चार ओळी होतात आणि घोडा कडेने घसरत जातो. अशा वेळी कोन कमी करा. खांदे जेमतेम आतल्या मागच्या पायासमोर आले तरी सुरुवातीला पुरे. पाच-सहा पावलं नीट झाली की सरळ पुढे काढा, चाल मोकळी होऊ द्या. वाकवलेला घोडा पुन्हा पुढे पाठवला नाही तर तो वाकडा राहायलाच शिकतो.

पुठ्ठे आत आणणारे पुढचे प्रकार आहेत, उलट्या पायाचा कँटर (संथ दौड) आहे, पण हे सगळं शोल्डर-इन दोन्ही बाजूंना हलकं झाल्यानंतर. आधी घेतलं तर वाकडेपणाच पक्का होतो.

आणि स्वार? तो सरळ असतो का? आपण मुंबईकर लॅपटॉपची बॅग एकाच खांद्यावर लटकवून दोन-दोन तास प्रवास करतो, लोकलमध्ये एकाच हाताने कडी धरून उभे राहतो. शरीर तसं घडतं आणि तसंच खोगिरावर येऊन बसतं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्यांदा रिकिबीशिवाय बसवते, डोळे मिटायला सांगते आणि विचारते: बसण्याची दोन्ही हाडं सारखी टेकलीत का? बहुतेकांना एकच लागतं. घोडा वर्षभर वाकडा म्हणून बोलणी खातो आणि मूळ त्याच्या पाठीवर बसलेलं असतं.

शेवटी, पनवेल-कर्जतकडे ज्यांनी स्वतःचे घोडे ठेवलेत ते फोनवर विचारतात, "कालपर्यंत नीट होता, आज डावीकडे वळेना, कुठला व्यायाम देऊ?" कुठलाच देऊ नका. हळूहळू आलेला वाकडेपणा सवयीचा असू शकतो, पण एका रात्रीत आला तर तो बहुतेक वेळा दुखण्याचा असतो. डॉक्टरला दाखवा, दात तपासून घ्या, खोगीर पाठीवर कुठे घासतंय का ते हाताने चाचपा, नालबंदाकडून चारही नाल बघून घ्या. सगळं ठीक निघालं तर पहिला आठवडा फक्त कदम चालीत काढा. मोठी वर्तुळं, दोन्ही बाजूंना सारखी, आणि दर दहा मिनिटांनी लगाम लांब सोडून मान खाली ताणू द्या. ताठ बाजूला आधी काम देऊन घोड्याला चिडवू नका. सोप्या बाजूने सुरू करा, मधे अवघड बाजू घ्या आणि सोप्या बाजूनेच संपवा. पावसाळ्यात वाळू चिखलासारखी बसलेली असेल तर शोल्डर-इन घेऊ नका. घसरत्या जमिनीवर पाय आडवा टाकायला लावला तर कंडरेला इजा होते, आणि ती भरून यायला महिने जातात.