ॲबरडीनला एक शॉर्टस्टॉप बघायला

अमेरिकेत मेरीलँडमध्ये बॉल्टिमोरचा बोगदा ओलांडून आय-९५ ने ईशान्येकडे निघालं की तासाभराच्या आत हायवेवरूनच ॲबरडीनचं स्टेडियम दिसायला लागतं. गाव लहान आहे. शेजारी लष्कराचा अवाढव्य शस्त्रचाचणी तळ आहे, पण बेसबॉलवाल्यांच्या लेखी हे कॅल रिपकिन या जुन्या दिग्गज खेळाडूचं गाव. स्टेडियमला नाव त्याच्याच घराण्याचं. मुंबईहून आलेल्या मामांना घेऊन मी २०२३ च्या जूनमध्ये तिथे गेले, ती मात्र १९ वर्षांच्या एका मुलाला बघायला. त्याचं नाव जॅक्सन हॉलिडे, आणि तो शॉर्टस्टॉप ही क्षेत्ररक्षकाची जागा खेळायचा.

आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, मेजर लीगमधल्या बॉल्टिमोर ओरिओल्स संघाने त्याला सगळ्यात पहिला निवडला होता. तो ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरच्या शाळेतून थेट आलेला. करारावर सही करण्याचेच ८१.९ लाख डॉलर मिळालेले. वडील मॅट हॉलिडे २००७ साली नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक) फलंदाजीच्या सरासरीत अव्वल, २०११ च्या वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकणाऱ्या सेंट लुईस संघातही ते होते. इतकं सगळं असूनही मुलाला शिडीच्या खालच्या पायरीपासूनच चढावं लागतं, ही मायनर लीगची, म्हणजे मेजर लीगखालच्या पातळ्यांची, मला फार आवडणारी गोष्ट. लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग मेजर लीग. एप्रिलमध्ये तो चेसापीक उपसागरापलीकडे सॉल्झबरीला लो-ए खेळत होता. तिथे १४ सामन्यांत त्याने ३९६ ची सरासरी काढली (हजार प्रयत्नांत ३९६ यशस्वी फटके, म्हणजे हिट, या हिशेबाने) आणि महिना संपायच्या आत त्याला ॲबरडीनला, हाय-एला बढती मिळाली. त्याच मैदानावर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलांचा किमान वार्षिक पगार त्याच वर्षी, खेळाडूंच्या पहिल्या सामूहिक करारानंतर, ११ हजारांवरून २७,३०० डॉलरवर गेला होता. ज्यांना सहीचे लाखो डॉलर मिळालेले नसतात, त्यांचं घर एवढ्यावर चालतं.

आम्ही पहिल्या बेसच्या बाजूची तिकिटं काढली. शॉर्टस्टॉप उभा असतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, म्हणजे इथून तो आपल्याकडे तोंड करून खेळतो. मामा तरुणपणी कांगा लीगमध्ये खेळलेले, पावसात, चिखलात, चेंडू कसा उडेल याचा भरवसा नसलेल्या विकेटवर. बेसबॉलचे नियम त्यांना मी गाडीत सांगितले होते. पहिल्या दोन इनिंग त्यांनी काहीच विचारलं नाही. मग म्हणाले, "अगं, तू चेंडूच्या मागे बघतेयस. चेंडू नको बघूस. बॅटला लागायच्या आधी याचे पाय काय करतात ते बघ. आम्ही सोलकरला बघितलाय. शॉर्ट लेगला हेल्मेट नाही, काही नाही. बॅट्समनचं मनगट वळलं की हा निघालेलाच असायचा." एकनाथ सोलकरचे २७ कसोटींत ५३ झेल आहेत, बहुतेक फलंदाजाच्या नाकाखाली घेतलेले. बेसबॉल बघायला बसलेल्या माणसाला त्या दिवशी यापेक्षा चांगला सल्ला कुणी दिला नसता.

मग मी पायच बघत राहिले. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात वर आला की हॉलिडे एक पाऊल पुढे टाकायचा आणि चेंडू बॅटरपर्यंत पोहोचण्याच्या क्षणी दोन्ही टाचा उचलून एक अगदी छोटी उडी घ्यायचा. उडी कसली, जेमतेम बोटभर. पाय जमिनीला टेकेपर्यंत चेंडू कुठे जाणार ते ठरलेलं असतं आणि टेकताटेकताच तो त्या दिशेला वळलेला असतो. प्रत्येक पिचला हे, चेंडू त्याच्याकडे येवो न येवो. स्कोअरकार्डावर यातलं काहीही उतरत नाही.

होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरच्या जागेच्या, मागे, जाळीलगत, स्काउट बसतात, होतकरू खेळाडू हेरणारे. मांडीवर वही, हातात रडार गन किंवा स्टॉपवॉच. चेंडू बॅटला लागल्याचा आवाज आला की अंगठा दाबायचा, धावणाऱ्याचा पाय पहिल्या बेसवर पडला की पुन्हा दाबायचा. डावखुऱ्या बॅटरला ४.२ सेकंदांच्या आसपास लागले तर तो सर्वसाधारण वेगाचा. गुण द्यायची पट्टी २० ते ८० ची. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, आणि प्रत्येक १० गुण म्हणजे साधारण एक प्रमाण विचलन. सातत्याने फटका मारणं, ताकद, धाव, फेक, क्षेत्ररक्षण या पाच गोष्टींना वेगवेगळे गुण, तेही दोनदा: आज किती आणि पुढे किती. तो दुसरा आकडाच अवघड. पोराच्या खांद्यांची रुंदी, वडिलांची अंगकाठी, २४ व्या वर्षी तो किती भरेल, आणि भरल्यावर त्याची चपळाई टिकेल का, एवढ्या सगळ्याचा अंदाज त्या एका आकड्यात कोंबायचा असतो.

शॉर्टस्टॉपची खरी परीक्षा तिसऱ्या बेसच्या बाजूच्या खिंडीत होते. बेसचं अंतर ९० फूट. जमिनीवरून सरपटत आलेला चेंडू उजवीकडे धावत, ग्लोव्ह उलटा धरून अडवायचा, तोल सावरायचा आणि तिथून पहिल्या बेसपर्यंत ३५-४० मीटर फेकायचा. हे सगळं त्याच चार-सव्वाचार सेकंदांत, बॅटर तिथे धावत पोहोचायच्या आत. दोन इनिंगच्या मधे पहिल्या बेसवरचा खेळाडू सगळ्यांना चेंडू सोडत असतो. लोक तेव्हा खाण्याच्या रांगेत असतात. मी तेव्हाच जास्त बघितलं. हॉलिडेच्या ग्लोव्हमधून चेंडू उजव्या हातात कधी गेला हे कळत नव्हतं इतके त्याचे हात मऊ. डावीकडचा चेंडू सुंदर. उजवीकडच्या खोल चेंडूवर मात्र तो एक जादा पाऊल घेऊन अंगाचा जोर लावून फेकायचा. फेक पोहोचायची, अचूकही, पण शेवटच्या टप्प्यात ती थोडी खाली यायची. मी वहीत लिहिलं: हात ६०, पाय ५५, फेक ५०. आणि खाली: हा सेकंड बेसला जाईल.

त्याच मैदानावर हे लिहिताना रिपकिनची आठवण होणं अटळ होतं. सहा फूट चार इंच उंचीचा माणूस शॉर्टस्टॉपला चालणार नाही असं तेव्हा मानलं जायचं. १ जुलै १९८२ ला ओरिओल्सचा मॅनेजर अर्ल वीव्हरने त्याला तिसऱ्या बेसवरून तिथे आणला. तो विलक्षण वेगवान नव्हता. पिचर कोणता चेंडू टाकणार, बॅटर तो कुठे मारेल, हे ओळखून तो आधीच योग्य जागी उभा असायचा. १९९० च्या अख्ख्या मोसमात त्याच्या फक्त ३ चुका झाल्या. सलग २,६३२ सामन्यांचा विक्रम सगळ्यांना पाठ असतो, मला मात्र ते तीन जास्त मोठे वाटतात.

हॉलिडेच्या बॅटबद्दल फार वाद घालायला जागाच नव्हती. दोन स्ट्राइक झाल्यावरही (तिसऱ्याला बॅटर बाद होतो) बाहेर घसरणाऱ्या चेंडूकडे तो शांतपणे बघत राहायचा. मामांना हे फार आवडलं. "सोडतो चांगलं," ते म्हणाले, आणि दादरच्या माणसाकडून ही मोठी दाद आहे. त्या मोसमात चारही पातळ्या मिळून तो १२५ सामने खेळला, १०१ वॉक (चार वाईट चेंडू सोडल्यावर मिळणारा फुकटचा पहिला बेस) मिळवले आणि सरासरी ३२३ राखली.

संध्याकाळी पुढे हॅव्हर डी ग्रेसला गेलो. सस्क्वेहाना नदी तिथे चेसापीक उपसागराला मिळते, आणि मुखाशी १८२७ चं पांढरं, बुटकं दीपगृह आहे. टेबलावर कागद पसरून मसाला थापलेले उकडलेले खेकडे आले, सोबत लाकडी हातोडी. मामांनी हातोडीला हात न लावता दातांनी काम उरकलं. खेकडे फोडता फोडता वाद रंगला. त्यांचं म्हणणं, फेक मेहनतीने वाढते, डोळा वाढत नाही, आणि या पोराला डोळा आहे. त्याला हलवू नये. मी म्हटलं, वरच्या संघात गनर हेंडरसन आहे, त्याची फेक बंदुकीच्या गोळीसारखी. एकाच जागेवर दोघे कसे मावणार?

१० एप्रिल २०२४ ला बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये हॉलिडे मेजर लीगमध्ये उतरला, सेकंड बेसला. ३४ प्रयत्नांत फक्त २ हिट मिळाले आणि साधारण दोन आठवड्यांत त्याला ट्रिपल-एला, नॉरफोकला परत पाठवलं. ३१ जुलैला तो परत आला, आणि त्याच दिवशी टोरोंटोविरुद्ध तिन्ही बेस भरलेले असताना त्याने कारकिर्दीतला पहिला होम रन मारला. मामांना मी तो व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "बॅटिंग ठीक आहे. पण शॉर्टला ठेवायला हवा होता." मला तसं अजूनही वाटत नाही. सेकंड बेसवरून फेक जवळची पडते, हात आणि डोळा मात्र तेच लागतात, आणि ते त्याच्याकडे भरपूर आहेत.

कुणी मायनर लीगचा सामना बघायला जाणार असाल, तर पहिल्या बेसच्या बाजूला, खालच्या रांगांत बसा, आणि इनिंग संपल्यावर लगेच उठू नका.