माईक, लॅपटॉप आणि ४८ व्होल्टचं बटण

मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर हलगी रेकॉर्ड करायची म्हणून कंडेन्सर माईक घेतला, सोबत वायर मिळाली, एका टोकाला तीन पिनांची एक्सएलआर आणि दुसऱ्याला हेडफोनसारखी बारकी पिन, ती लॅपटॉपला खुपसली तर नुसती खरखर. दोन दिवस सेटिंग बदलत बसलो. मग मित्र आला, म्हणाला, "भावा, ह्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हंजी माईकच्याच वायरीतनं जाणारी वीज, लागतीया, तुझ्या लॅपटॉपच्या भोकातनं दोन-चार व्होल्ट येत्यात!" झालं, ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक आणि लॅपटॉपच्या मधला डबा, आणला, यूएसबीनं जोडला, ४८ व्ही लिहिलेलं बटण दाबलं, लाल लाईट लागली आणि खालच्या गल्लीतली म्हस पण ऐकू यायला लागली. हेडफोनमध्ये आवाज जरा उशिरा येत होता, ते एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं विंडोजचं सॉफ्टवेअर) टाकून बफर, म्हणजे एका दमात साठवायचे आवाजाचे नमुने, १२८ वर आणल्यावर गेलं.

गेन, म्हणजे माईकचा आवाज वाढवायची खुंटी, मात्र कमीच ठेवा, हलगीवर पहिली काडी पडली की मीटर थेट लाल. मी आता जोरातला ठोका मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास (शून्याला आवाज फाटतो) बसवतो, माईक चार फूट लांब, आणि आवाज घुमू नये म्हणून मागच्या भिंतीला वाकळ टांगलीय. वाकळ आज्जीची हाय, तिला अजून सांगितलं नाही.