पंधराचा चौरस
आज संध्याकाळी भाचीच्या गृहपाठात जादूचा चौरस निघाला: १ ते ९ अंक, नऊ घरे आणि आडवी, उभी, तिरकी बेरीज १५. तो सोडवताना मला इस्लामी तत्त्वज्ञ अल-गझाली (मृत्यू इ.स. ११११) आठवले, कारण अडलेल्या बाळंतिणीसाठी हाच चौरस पाणी न लागलेल्या दोन फडक्यांवर लिहून, तिला दाखवून, मग तिच्या पायांखाली ठेवण्याचा तोडगा त्यांनी नोंदवला आहे. कोपऱ्यांतल्या २, ४, ६, ८ यांची अबजद पद्धतीने (हिच्यात प्रत्येक अरबी अक्षराला एक ठरावीक अंक असतो) अरबी अक्षरे केली की 'बुदूह' हा शब्द होतो, आणि पत्र सुखरूप पोहोचावे म्हणून तो पत्रावर लिहीत असत. (आपल्या रिक्षांवरचे ७८६ हीसुद्धा अक्षरांचीच बेरीज, बिस्मिल्लाहची.) भाचीने मात्र मधल्या घरातला ५ तीनदा खोडला आणि चौथ्यांदा पुन्हा ५च लिहिला.