खिंडीखालची पहाट आणि तांब्याची एक पट्टी

आठ दिवसांच्या प्रवासातले सहा दिवस मी इथे लिहिणार नाही. रस्ते चांगले होते, डोंगर देखणे होते, फोटो घरच्यांनी पाहिले. लिहायचंय ते खिंडीखालच्या मुक्कामातल्या एका पहाटेबद्दल. ती अजून डोक्यातून जात नाही.

आत्याला खिंडीतून सूर्योदय बघायचा होता. अख्ख्या प्रवासात तिने मागितलेली ही एकच गोष्ट. तिचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे धड नाहीत, पण साडेचारला ती कानटोपी आणि शाल गुंडाळून मागच्या सीटवर बसली होती. काचेवर दव गोठलं होतं. गाडी डिझेलची. मी किल्ली फिरवली, सिलिंडर तापवणाऱ्या हीटर प्लगचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबले आणि सेल्फ मारला.

घर्र... घर्र... घर्‌...

इंजिन दोन-तीन वेढे कण्हत फिरलं आणि अडलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच. एक गोष्ट मी तेव्हा पाहिली, पण तिचा अर्थ मला लागला नाही. समोरच्या दगडी भिंतीवर हेडलाइटचा झोत पडला होता. सेल्फ मारताना तो झोत जेमतेम फिकट व्हायचा. भिंतीतला दगड न्‌ दगड स्वच्छ दिसत होता आणि इंजिन मात्र फिरत नव्हतं.

बॅटरी दोन दिवसांपूर्वी घेतलेली, नवी कोरी.

तिची हकीकत अशी. दोन दिवस आधी, अशाच एका थंड सकाळी गाडी अडली होती. एका सहप्रवाशाने आपली गाडी शेजारी लावली आणि एका बॅटरीचा करंट दुसऱ्या गाडीला देणाऱ्या जंपर केबल जोडल्या. माणूस जाणकार होता. लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला आणि काळा शेवटी, बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला. नियम तसाच आहे, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो. सेल्फ मारला आणि गाडी फटकन चालू झाली. सगळे म्हणाले, बॅटरी गेली. पुढच्या गावातल्या गॅरेजवाल्यानेही तेच सांगितलं. त्याने मीटर लावला नाही, टर्मिनल हलवून पाहिलं नाही, बोनेटखाली हात घातला नाही. जुनी बॅटरी काढली आणि नवी बसवली. दुपारची वेळ होती, इंजिन तापलेलं होतं, गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. आमचं समाधान झालं.

माझ्या टूलबॉक्समध्ये मल्टिमीटर होता. तो काढायला दोन मिनिटं लागली असती. मी काढला नाही. समोरचा माणूस इतक्या खात्रीने बोलत होता की विचारायचं धाडसच झालं नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

तर ती पहाट. आवाजाने शेजारच्या खोलीतला एक तरुण उठून आला, त्याने गाडी लावली, केबल जोडल्या. अंधारात त्याने दोन्ही चिमटे बॅटरीच्या टर्मिनललाच लावले. काही फरक नाही, तेच कण्हणं. बिचारा दहा मिनिटं कुडकुडत उभा राहिला. मी सेल्फ मारत राहिले, एकदा, दोनदा, पाचदा.

"ताई, थांबवा. सेल्फ जाळाल."

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकचा ड्रायव्हर होता. साठीचा असेल, डोक्याला मफलर. मी आधी विचारलं ते हेच, की काका, तुमच्या ट्रकवरून जंप देता का? तो म्हणाला, "माझी चोवीस व्होल्टची आहे. तुमच्या बारावर लावली तर वायरिंग, मीटर, सगळं जाईल. आणि ताई, तुमची बॅटरी बसलेलीच नाही."

त्याने मला गाडीत बसवलं आणि भिंतीकडे बोट केलं. "आता सेल्फ मारा आणि लाइट बघा. बॅटरी बसली असती तर लाइटपण बसली असती. बॅटरीत जोर आहे, तो सेल्फपर्यंत पोचत नाहीये." मग तो मागे जाऊन सायलेन्सरपाशी वाकला. बॅटरीच्या प्रॉब्लेममध्ये धुराचा काय संबंध, असं मला वाटलं. संबंध आहे. इंजिन फिरताना पांढुरका धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, फक्त पेट घेत नाही. धूर अजिबात नसेल तर डिझेलच येत नाही. मग गोठलेला फिल्टर, लाइनमधली हवा, डिझेल ओढायचा हँडपंप, सगळी वेगळी वाट. आमच्याकडे धूर होता.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. आत ओढलेली हवा सोळा-वीस पट दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. पण त्यासाठी इंजिन झपाट्याने फिरायला हवं. हळू फिरलं तर तेवढ्या वेळात उष्णता सिलिंडरच्या गार भिंतीत जिरते आणि दाबही पिस्टनच्या कडेने गळतो. थंडीत ऑइल घट्ट, बॅटरीचा जोर कमी, आणि नेमका तेव्हाच सेल्फला जास्त करंट हवा. म्हणून जो दोष दुपारी दिसत नाही तो पहाटे समोर येतो.

काकांनी बोनेट उघडलं आणि मला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगितला. मग खाली वाकून एकेक केबल हाताने चाचपत गेले. बॅटरीचं प्लस टर्मिनल. मायनस टर्मिनल. मायनसची केबल चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे बोल्ट केलीय ती जागा. सगळं गार. नंतर त्यांनी माझा हात धरून गिअरबॉक्सजवळच्या एका विणलेल्या पट्टीवर ठेवला.

ती गरम होती. गोठलेल्या पहाटे, बंद इंजिनात, एक टोक चटका बसेल इतकं गरम.

चासी आणि इंजिन यांना जोडणारी ती अर्थिंगची पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून सेल्फचा करंट बॅटरीच्या मायनसकडे परत जायला हीच मुख्य वाट. टॉर्च धरली तेव्हा दिसलं, तांब्याच्या तारांवर हिरवट बुरा, निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या, बोल्टखाली गंज आणि मातीचा थर. हेडलाइटची अर्थिंग सरळ बॉडीला असते, तिचा या पट्टीशी संबंध नाही, म्हणून भिंतीवरचा झोत शाबूत.

आता मात्र मी मल्टिमीटर काढला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. (१२.२ असते तर अर्धी, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी.) सोबत आलेल्या भावाला सेल्फ मारायला सांगितला: बॅटरीवर ११.४, उत्तम. ९.६ च्या खाली उतरली असती तर बॅटरीवर संशय घेतला असता. मग सेल्फ चालू असतानाच मीटरच्या वायरीचं एक टोक, म्हणजे प्रोब, बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी चासीवर: ०.१. शेवटी तीच प्रोब इंजिनच्या ब्लॉकवर: ३.१.

तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसायलाच नको. शंभर अँपिअर वाहत असतील तर ०.०३ ओहमचा अडथळा तीन व्होल्ट खातो आणि त्या एका सांध्यात तीनशे वॅटची उष्णता तयार होते. मीटरच्या ओहमच्या रेंजवर एवढा अडथळा दिसतसुद्धा नाही. करंट वाहत असतानाच मोजावं लागतं.

काकांनी विचारलं, "ॲक्सिलरेटरची केबल जड झालीय का?" झाली होती, दोन महिन्यांपासून. पट्टीतून वाट मिळेना तेव्हा करंट त्या बारीक केबलमधून जात होता आणि आतलं प्लॅस्टिक वितळत होतं.

मग त्यांनी त्या तरुणाची काळी जंपर केबल घेतली. एक चिमटा आमच्याच बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनच्या हुकाला. दुसरी गाडी नाही, दुसरी बॅटरी नाही. मी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या वेढ्याला धडधडलं.

त्या क्षणी मला दोन दिवसांपूर्वीचं सगळं उमगलं. त्या जाणकार माणसाने काळा चिमटा बरोबर जागी लावला, तेव्हा त्याच्या नकळत करंटला या खराब पट्टीला वळसा मिळाला. गाडी चालू झाली ती त्या केबलमुळे, आणि दोष लागला बॅटरीला. माझी जुनी बॅटरी चांगली होती. ती बदलीत देऊन आले.

याचा मला राग आहे आणि तो गेलेला नाही. पैशांचं मी विसरेन. पण ज्याचा हा धंदा आहे त्याने एकदा मीटर लावायला हवा होता. आमच्यासारखे लोक परक्या गावात, म्हातारं माणूस सोबत घेऊन त्याच्या शब्दावर पुढच्या घाटाला लागतात.

तोवर साडेसहा वाजून गेले होते. डोंगराच्या कडा उजळल्या होत्या. आत्या काही बोलली नाही. तिने स्वतःची पाण्याची बाटली काकांना दिली, त्यांच्या हाताला काळं लागलं होतं म्हणून.

दिवसभर तिथेच थांबलो. पट्टी काढली. बोल्टची जागा पॉलिश पेपरने लोखंड चकाकेपर्यंत घासली. जंपर केबल बांधून भाऊ खालच्या गावात गेला आणि जाड तांब्याची केबल दोन्ही टोकांना थिंबल, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या कड्या, दाबून करून आणली. ती आवळली, वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं: ०.१५.

दुसऱ्या पहाटे साडेचारला तेवढीच थंडी. पिवळा दिवा विझला, सेल्फ मारला, इंजिन लगेच लागलं. मी खाली उतरले, बोनेट उघडलं आणि नव्या केबलवर हात ठेवला. आत्या आतून हाका मारत होती, उशीर होतोय म्हणून.

केबल गार होती.