तुम्ही विचारलंत म्हणून: हे आभाळ खरं आहे का?

आकाशगंगेची कमान असलेला माझा फोटो हातात आला की माणसं दोन बोटांनी तो मोठा करतात, थोडा वेळ निरखतात आणि विचारतात, "हे खरं आहे, की एडिट केलंय?" लग्नाच्या पंगतीत विचारतात. शाळेत मुलांसमोर बोलायला गेलो तर शिक्षक विचारतात. उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहितो.

फोटो मी आमच्याच शिवारात काढतो, बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर. ईशान्येला बीडचा उजेड दिसतो, नैऋत्येला जामखेडचा. पवनचक्क्यांचे लाल दिवे मिचमिचत असतात आणि आता गावोगाव हायमास्ट लागलेत. तरी अमावस्येच्या आसपास डोक्यावर अजून पुष्कळ अंधार आहे. मार्च-एप्रिलच्या पहाटे आकाशगंगा पूर्वेकडे उत्तर-दक्षिण पसरलेली असते, फार वर चढलेली नसते. अनेक फोटो जोडून एक करायच्या कामाला हेच दिवस चांगले. जूनपर्यंत मध्यरात्री ती पार डोक्याकडे सरकते आणि ढगही येतात. येतातच असं नाही. पावसानं ओढ दिलेल्या एका जुलैत कितीतरी रात्री आभाळ निरभ्र होतं. मी एकदाही कॅमेरा बाहेर काढला नाही. घरातले सगळे ज्या आभाळात ढग शोधत होते, त्याचे फोटो काढायला हात उचलला नाही.

आता फोटोचं. तुम्ही बघता तो एक फोटो म्हणजे माझे त्रेसष्ट फोटो असतात. वीस मिलिमीटरची लेन्स, कॅमेरा उभा, डावीकडून उजवीकडे तीस-तीस अंशांनी फिरवत सात जागा, आणि प्रत्येक जागी पंधरा सेकंदांचे नऊ फोटो. शेजारच्या दोन फोटोंत जवळजवळ अर्धा भाग सारखा यायला हवा, नाहीतर जोडायला खुणाच सापडत नाहीत. पंधरा सेकंदच का, तर त्याहून जास्त वेळ उघडा ठेवला तर तारा ठिपका राहत नाही, त्याची रेघ होते. आणि नऊ का, तर अंधारात कॅमेऱ्याचा सेन्सर उजेडाबरोबर स्वतःची खरखर, म्हणजे आभाळात नसलेले ठिपकेही नोंदवतो. एप्रिलच्या उकाड्यात ती आणखी वाढते. तारा नऊही फोटोंत असतो, खरखर मात्र प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असते. ताऱ्यावर तारा बसवून नऊ फोटोंची सरासरी काढली की खरखर एक तृतीयांशावर येते. सोळा फोटो घेतले तर एक चतुर्थांशावर येईल, पण तेवढी सवड आभाळ देत नाही.

कारण ते सरकत असतं. तासाला पंधरा अंश. त्रेसष्ट फोटो आणि मधली कॅमेऱ्याची हलवाहलव धरून मला अठरा मिनिटं लागतात. तेवढ्यात आभाळ साडेचार अंश पुढे गेलेलं असतं. पौर्णिमेचे नऊ चंद्र एका ओळीत मांडले तर जेवढी लांबी होईल, तेवढं. जमीन मात्र जागची हललेली नसते. ताऱ्यांच्या खुणा धरून जोडलं तर बांध तुटतात, बांध धरून जोडलं तर आभाळातल्या विंचवाचं, म्हणजे वृश्चिक राशीचं, शेपूट दुभंगतं. म्हणून मी आभाळ वेगळं जोडतो, जमीन वेगळी जोडतो आणि दोघांची गाठ क्षितिजावर घालतो. सरासरी काढायला सिक्वेटर आणि जोडायला ह्युगिन, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. जोडणं तासाभरात होतं. क्षितिजावरची एक बाभूळ दोन रात्री खाते. तिच्या काटक्यांमधून आभाळ दिसतं, आणि काटकी जमिनीच्या बाजूची, फटीतला तारा आभाळाच्या बाजूचा.

जोडण्याआधीचं एक काम लोक विसरतात. लेन्स कोपऱ्यांत अंधार आणते. तो आधी काढला नाही तर प्रत्येक जोडावर काळपट पट्टा उमटतो आणि आभाळ ठिगळं लावलेल्या वाकळीसारखं दिसतं. सातही जागांचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) तंतोतंत एकच ठेवावा लागतो. बीडच्या दिशेचा उजेड कमी करतो, पण पुरता पुसत नाही, कारण तो तिथं आहे. पूर्वी सोडियमचे दिवे होते, त्यांचा नारिंगी रंग वेगळा काढता यायचा. एलईडीचा पांढरा उजेड सगळ्या रंगांत मिसळतो आणि काढायला गेलं की ताऱ्यांचे रंगही सोबत जातात. क्षितिजाजवळ कधी कधी हिरवट झाक दिसते. ती अनेक जण डाग समजून घालवतात. ती सुमारे पंच्याण्णव किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनची स्वतःची चमक असते. मी ती ठेवतो, आणि ती आली की मला फार आनंद होतो.

मग डोळ्यांना असं का दिसत नाही? अंधारात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, आणि डोळा उजेड साठवत नाही. कॅमेरा पंधरा सेकंद साठवतो. कमानीचंही तसंच. शेतात उभं राहिलात तर आकाशगंगा कमानीसारखी वाकलेली दिसणार नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला सरळ पट्टाच दिसेल. मोसंबीची साल काढून पाटावर सपाट दाबली तर ती कुठेतरी ताणली जाणारच. गोल आभाळ सपाट कागदावर पसरताना तो पट्टा वाकतो.

एवढं सगळं करूनही मी त्याला खरं का म्हणतो, हे मला आप्पांनी शिकवलं.

आप्पा माझे चुलते. पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी एक फोटो केला होता, आमच्या उत्तरेच्या डोंगरावरचं महादेवाचं देऊळ आणि त्याच्या कळसावर विंचवाच्या शेपटाजवळचा आकाशगंगेचा सगळ्यात उजळ भाग. देऊळ त्याच रात्रीचं होतं, आभाळही त्याच रात्रीचं, फक्त दक्षिणेचं आभाळ उचलून मी उत्तरेला ठेवलं होतं. फोटोचं फार कौतुक झालं. आप्पांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो इच्चू महादेवाच्या डोंगरावर कधी चढला रं?"

मी गप्प. आप्पांनी आयुष्यभर रात्रीची दारं धरली, म्हणजे पिकाला पाणी दिलं. तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, कुठं आलं यावर त्यांना रात्र किती उरली ते कळतं. विंचू आपल्याकडे आग्नेयेला उगवतो, दक्षिणेला फार तर अर्ध्या आभाळापर्यंत चढतो आणि नैऋत्येला कलतो. देवळाच्या बाजूला तो कधीच जात नाही. ते रागावले नाहीत. मोबाइल परत देताना एवढंच म्हणाले, "देऊळ मातर झ्याक आलंय."

तो फोटो मी सगळीकडून काढून टाकला. तेव्हापासून रात्र एकच, तिवई ठेवलेली जागा एकच आणि दिशा जिथली तिथं. कॅमेऱ्यानं आणलेली खरखर, कोपऱ्यांतला अंधार, जोडाच्या रेघा एवढं मी काढतो. जिथं जो तारा नव्हता तिथं तो ठेवत नाही.

गेल्या एप्रिलच्या फोटोत मात्र एक पेच पडला. शेतीपंपाला रात्रीची लाईट होती, आप्पा खालच्या वावरात कडवळाला पाणी देत होते. सरासरी काढली की हलणारी वस्तू पुसट होत नाहीशी होते, तशी त्यांच्या हातातली बॅटरीही (टॉर्च) फोटोतून गेली. मला ती हवी होती, म्हणून सुटे फोटो चाळले. डावीकडून तिसऱ्या जागेच्या एका फोटोत ती विहिरीपाशी होती, पाचव्या जागेच्या फोटोत बांधाच्या कडेला. मधल्या काही मिनिटांत ते चालत तिकडं गेले होते. एका चित्रात एक माणूस दोन ठिकाणी. एक पुसावी का, यावर मी आठवडाभर घोळलो. शेवटी दोन्ही ठेवल्या आणि फोटोखाली लिहिलं: बॅटरी दोन दिसतात, माणूस एकच आहे.

आप्पांना फोटो दाखवला. त्यांनी आधी विंचू शोधला, दक्षिणेला होता. मग दोन्ही उजेडांवर बोट ठेवत म्हणाले, "हितं दारं मोडलं, आन् हितं पाणी फुटलं व्हतं. त्येच बघाया गेलतो."