सिनाईटिकसचं बदली जोडपान: मोजणी अखेर जागेवर आली

मंडळी, कोडेक्स सिनाईटिकस या जुन्या ग्रीक बायबल-हस्तलिखितातल्या मार्क-लूकच्या जोडपानावर (मधे दुमडलेला एक ताव, म्हणजे चार पानं) प्रत्येक स्तंभात किती अक्षरं आहेत, ते आकडे एकदाचे हलायचे थांबले. मागच्या वेळी लिहिलं होतं तिथंच गाडी अडली होती: तोच स्तंभ, तीच अक्षरं आणि दरवेळी बेरीज वेगळी.

नव्यांसाठी थोडक्यात. कोडेक्स सिनाईटिकस चौथ्या शतकातला. पानाला चार स्तंभ, स्तंभाला ४८ ओळी, ओळीत साधारण तेरा अक्षरं. मार्क १४:५४ ते लूक १:५६ हा मजकूर ज्या जोडपानावर आहे ते मूळचं नाही. पहिलं काढून तिथं लेखनिक ‘ड’नं नवं लिहून घातलं (लेखनिकांची नावं माहीत नाहीत, म्हणून अभ्यासक त्यांना ‘अ’, ‘ड’ अशी अक्षरं देतात). हे जुडीतलं (एकात एक घालून शिवलेल्या तावांच्या गठ्ठ्यातलं) सगळ्यात आतलं जोडपान, म्हणून चारही पानांचा मजकूर सलग आहे आणि दोन्ही टोकं पक्की बांधलेली. मागचं-पुढचं पान ‘अ’च्या हातचं, त्यामुळे ‘ड’ला इकडे-तिकडे सरकायला वाव नाही. त्याच्याकडे सोळा स्तंभ होते आणि तेवढ्यातच भागवायचं होतं.

आता अडचण. ओळीच्या शेवटी ‘न्यू’ (ग्रीक ‘न’) ऐवजी नुसती आडवी रेघ असते. ‘काइ’ (म्हणजे ‘आणि’) या शब्दाची जोडखूण असते. येशू, ख्रिस्त, देव, प्रभू ही नावं दोन-तीन अक्षरांत आटोपून वर रेघ मारलेली. ही एक अक्षर धरायची की पूर्ण शब्द? मी एकच नियम शोधत बसलो होतो, आणि तो सापडणारच नव्हता, कारण प्रश्न दोन आहेत. चर्मपत्रावर हात किती वेळा टेकला हा एक, आणि मजकूर किती बसवला हा दुसरा. तक्त्यात दोन रकाने केले आणि सगळं शांत झालं! लूकचे सहा स्तंभ सातशेकडे झुकतात. मार्कचे शेवटचे भरलेले स्तंभ सहाशेच्या आसपास, काही तर त्याहूनही खाली. फुगवलेलं कुठं आणि दाबलेलं कुठं हे आता डोळ्यांनाच दिसतं.

मजा पुढंच आहे. मार्क १६:८ दहाव्या स्तंभात जेमतेम काही ओळींत संपतो. खाली नक्षी, शुभवर्तमानाचं नाव आणि मग कोरी जागा. लूक अकराव्यापासून. म्हणजे एकाच माणसानं एकाच जोडपानावर आधी मजकूर सैल सोडला आणि लगेच पुढच्या स्तंभात अक्षरं कोंबली. मार्क नेहमीच्या मापात लिहिला असता तर नवव्यातच संपला असता आणि लूकला दहावा स्तंभ मोकळा मिळाला असता. मला पटणारं उत्तर एकच: त्यानं लूक आधी लिहिला. लूक १:५६ पानाच्या शेवटी आणायचं म्हणून तिथं दाटी झाली, आणि मग मध्ये अख्खा स्तंभ रिकामा राहू नये म्हणून मार्क ताणला. ही सूचना जुनीच आहे, पण स्वतःच्या मोजणीतून तिथवर पोचण्याची गोडी वेगळी.

साधनांबद्दल एक आग्रह. कोडेक्स सिनाईटिकसच्या संकेतस्थळावरचं लिप्यंतर (टंकलेली नक्कल) उत्तम आहे, तरी दाटीचा अभ्यास त्यावर करू नका. ओळीच्या टोकाला अक्षरं किती बारीक झाली हे त्यात कळत नाही. छायाचित्र उघडा, आणि साध्या उजेडाबरोबर तिरप्या उजेडातलंही बघा. आखणीच्या रेघा आणि चर्मपत्राचा चढउतार तिथं ठसठशीत दिसतो.

पुढं थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचं बदली पान घेणार होतो. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की आधी मत्तयाचं घ्यावं. ते जोडपानही ‘ड’चंच, आणि त्यात १६:९–१८:१२ आणि २४:३६–२६:६ असे दोन तुटक भाग आहेत. तिथं प्रत्येक पानाला आपापलं टोक गाठायचं होतं, म्हणजे ‘लूक आधी’सारखी पळवाट नाही. ‘ड’ची स्वाभाविक ओळ किती अक्षरांची हे तिथंच कळेल, आणि ते कळल्याशिवाय ‘ताणलं’, ‘दाबलं’ हे शब्द वापरणं घाईचं आहे. थेस्सलनीका थांबू दे.

जोडीला बोरूनं लूकचा एक स्तंभ मूळ मापात उतरवायला घेतलाय. दुकानात मिळणारे बोरू देवनागरीसाठी तिरके कापलेले असतात. हस्तलिखिताच्या ग्रीक लिपीत उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक लागतात, म्हणून टोक जवळजवळ सरळ कापून घ्या. तयार संच घेण्यापेक्षा न कापलेले बोरू घेतलेले बरे. काल एक ‘ओमेगा’ असा उतरला की पान बाजूला ठेवून नुसता बघत बसलो.

मत्तयाच्या पानांची मोजणी कुणी केली असेल तर दोन्ही रकाने धरले होते का, तेवढं कळवा.