पऱ्हाटीतली साखर: आमची वाटचाल

परभणी जिल्ह्यातल्या मानवतकडं आमचं शेत कापूस-सोयाबीनचं. वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उरलेली झाडं, उपटायची, चुलीपुरती ठेवायची, बाकीची बांधावर पेटवायची. गुलाबी बोंडअळी तिच्यात दडते, म्हणून रचून ठेवणंही धोक्याचं. 2016 साली मी आणि माझ्या बायकोनं भुसकटावर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) घ्यायला सुरुवात केली, तेव्हा या पऱ्हाटीतून साखर काढू असं मनातही नव्हतं.

पहिल्याच पावसाळ्यात पिशव्यांवर हिरवी बुरशी चढली. 100 पैकी 60 पिशव्या खड्ड्यात पुरल्या. ती ट्रायकोडर्मा होती. मर रोगासाठी आपण बियाण्याला जी पावडर चोळतो, तिच्याच कुळातली. पुढं वाचनात आलं, की याच कुळातल्या ट्रायकोडर्मा रीसायनं दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजवले होते. सुती म्हणजे आपला कापूसच की! कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब साखळी. ही बुरशी ती साखळी तोडणारी एन्झाइम, म्हणजे पाचक रसासारखी द्रव्यं, सोडते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण पऱ्हाटी धाग्यासारखी मऊ नाही. तिच्यातलं सेल्युलोज लिग्निननं, म्हणजे लाकडाला कडक करणाऱ्या घटकानं, चिणून टाकलेलं असतं, एन्झाइम आत शिरतच नाही. इथं धिंगरीच कामाला आली, कारण ती लिग्निन फोडते. पऱ्हाटीची कुट्टी भुसकटात मिसळून पीक घेतलं. पीक निघाल्यावर ज्या पिशव्या उकिरड्यावर जायच्या, त्यातला माल आता हातानं चुरडला जात होता.

त्या मालावर आम्ही सरळ ट्रायकोडर्मा सोडली. आठ दिवसांनी तपासलं तर साखर नावालाच. ही म्हणाली, "अहो, तीच करते आणि तीच खाते." अगदी तसंच होतं. बुरशी स्वतःच्या पोटासाठीच साखर करते.

मग रीत बदलली. गव्हाच्या कोंड्यावर ट्रेमध्ये बुरशी वाढवायची, कोंडा पाण्यात भिजवून गाळायचा, आणि ते एन्झाइमचं पाणी चुरा झालेल्या मालात घालून 50 अंशांवर दोन-तीन दिवस ठेवायचं. सायट्रिक अ‍ॅसिडनं सामू (पीएच) 5 च्या आसपास आणायचा. या उष्णतेला बुरशी वाढत नाही, एन्झाइम मात्र जोरात चालतं. गरम पाणी छतावरच्या सोलर हीटरचं. मराठवाड्यात उन्हाला काय तोटा! तरी साखळी अर्धवटच तुटायची, दोन-दोन ग्लुकोज जोडलेलेच राहायचे. काळ्या बुरशीचा, अ‍ॅस्परजिलस नायजरचा, वेगळा ट्रे जोडला तेव्हा साखर तपासायच्या बेनेडिक्टच्या चाचणीत विटकरी रंग दाट उतरला. धिंगरीचं शेड आणि ट्रायकोडर्माची खोली शेताच्या दोन टोकांना आहेत, आणि एकीकडचे कपडे दुसरीकडं चालत नाहीत. मास्क तर हवाच.

साखरेचं हे पाणी खायच्या साखरेसाठी नाही. जिवाणू खतं बनवणारे छोटे उत्पादक गूळ-मळीऐवजी जिवाणूंना खाऊ म्हणून घेतात. आपल्या उन्हात ते दुसऱ्या दिवशीच आंबतं, म्हणून आधी ऑर्डर, मग हीटर.

यंदा गावातल्या सात जणांनी पऱ्हाटी पेटवली नाही, आमच्या कुट्टी मशीनवर आणून टाकली. शेड 42 अंशांवर गेलं की धिंगरी बंद ठेवावी लागते. सध्या कुट्टी पोत्यांत कोरडी भरून ठेवली आहे, मृग लागला की पहिल्या पिशव्या भरायच्या.